डग निकोल्स : रेकॉर्डबुकात फक्त ५४ मॅचेस, पण हा आकडा फसवा आहे

यारातीरी

मेलबर्नला येऊन अकरा वर्षं झाली, त्यातली पहिली तीन-चार वर्षं मी इथल्या 'फुटी'कडे, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलकडे, ढुंकूनही बघितलं नव्हतं. क्रिकेटच्या ग्राउंडवर छत्तीस माणसं लांबट बॉलमागे का पळतायत आणि मधेच एखादा दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकून हवेत का उडतोय, काही कळायचंच नाही. मग पोरगा खेळायला लागला आणि घरात दुसरा विषय उरला नाही. परवा त्याने विचारलं, बाबा, दरवर्षी मे महिन्यात लीगमधली मॅचेसची एक राउंड ज्याच्या नावाने असते, तो डग निकोल्स कितपत भारी होता? मी फोनवर बघून सांगितलं, मेलबर्नच्या फिट्झरॉय क्लबकडून ५४ मॅचेस. तर म्हणे, "फक्त?"

तेव्हापासून ते 'फक्त' डोक्यात बसलंय, म्हणून हा धागा.

खेळ माहीत नसेल तर पटकन सांगतो. एका टीमचे १८ जण, ओव्हल मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून किक मारून बॉल घातला की ६ पॉइंट, शेजारच्या फटीतून गेला की १. बॉल फेकायचा नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. किकने आलेला बॉल हवेतल्या हवेत पकडला की तो 'मार्क', मग कोणी अडवायचं नाही, निवांत किक मारा. ऑफसाइड वगैरे भानगड नाही. याचे पहिले नियम मेलबर्नमध्ये १८५९ साली लिहिले गेले, आणि मुळात डोक्यात होतं ते हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांना फिट ठेवणं.

आता डग निकोल्स. जन्म ९ डिसेंबर १९०६, कमरागुंजा नावाच्या सरकारी वस्तीवर. मरे नदीच्या न्यू साउथ वेल्सकडच्या काठावर, नदी ओलांडली की व्हिक्टोरिया. योर्टा योर्टा या अॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजाचा. आठ वर्षांचा असताना पोलिस आले आणि थोरल्या बहिणीला घरातून उचलून घेऊन गेले, अॅबोरिजिनल मुलींना मोलकरणीचं काम शिकवायच्या सरकारी संस्थेत. पुढे पोरगेलेल्या वयात हा मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीबरोबर टारबॉय म्हणून फिरला, म्हणजे कातरताना मेंढीला जखम झाली की त्यावर डांबर लावणारा पोऱ्या. उंची पाच फूट दोन इंच. पण पळायचा कसा! जवळच्या टोंगाला गावाच्या टीमकडून खेळायला लागला आणि नाव शहरापर्यंत पोचलं.

१९२७ मध्ये कार्लटनकडे ट्रायलला गेला. कार्लटन हा मेलबर्नचा क्लब व्हीएफएलमधला, म्हणजे सगळ्यात वरची लीग, आजच्या एएफएल या राष्ट्रीय लीगची आई. तिथे ट्रेनरने त्याला मालिश करायला नकार दिला. कारण काय, तर वास येतो. टीममधल्या काहींनाही तो ड्रेसिंग रूममध्ये नको होता. तो निघून आला आणि नॉर्थकोटला गेला, तिथे घेतलं. पण नॉर्थकोट व्हीएफएमध्ये, म्हणजे जुन्या, आता दुय्यम झालेल्या स्पर्धेत. १८९६ मध्ये मोठे क्लब फुटून व्हीएफएल झाली तेव्हा मागे राहिली ती व्हीएफए.

तिथे पाच सीझन. १९२९ ला नॉर्थकोट चॅम्पियन. १९३० आणि १९३१ ला फायनलमध्ये हार, दोन्ही वेळा समोर ओकली. मग १९३२ ला फिट्झरॉयने बोलावलं, १९३७ पर्यंत तिथे. ५४ मॅचेस याच. १९३५ ला व्हिक्टोरिया राज्याच्या टीममध्ये निवड, तिथवर पोचलेला पहिला अॅबोरिजिनल खेळाडू. मग गुडघा गेला, १९३८ ला परत नॉर्थकोट, १९३९ ला बूट खुंटीला.

माझं म्हणणं एवढंच की रेकॉर्डबुक १९३२ ला सुरू होतं, तेव्हा हा माणूस पंचवीस वर्षांचा आहे. वीस ते पंचवीस, म्हणजे विंगवर पळणाऱ्याची सोन्यासारखी वर्षं, ती त्या हिशोबात नाहीतच, आणि ती तिथे का नाहीत तर एका माणसाने मालिश करायला नाही म्हटलं म्हणून. पोराला हे कसं सांगू? त्याला स्टॅट्स लागतात.

खोडरबर

वाचतोय. पहिल्यांदाच या खेळावर मराठीत काहीतरी दिसलं. एक शंका, सगळीकडे 'पळायचा', 'गेला', 'हा माणूस' असं एकेरी का? वयाने पणजोबा लागतील आपले.

यारातीरी

@खोडरबर, खेळाडूला आपण एकेरीच म्हणतो हो. सचिन आऊट झाला म्हणतो, सचिनजी बाद झाले असं कोण म्हणतं? मैदानावर आहे तोवर एकेरी. बूट काढले की बघू.

मधली_सुट्टी

मस्त लिहिलंय. पण 'सगळ्यात वरच्या लीगमधला पहिला अॅबोरिजिनल' असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय ते चूक आहे ना? तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण लोक ठोकून देतात.

यारातीरी

बरोबर, चूकच आहे ते. जो जॉन्सन त्याच्या खूप आधीचा, १९०४ ते १९०६, आणि तोही फिट्झरॉयचाच. १९०४ आणि १९०५ अशा दोन चॅम्पियन टीम्समध्ये होता. निकोल्सचं पहिलेपण व्हिक्टोरियाच्या निवडीतलं.

गल्लीतला_ब्रॅडमन

विंग म्हणजे आपल्या हॉकीतली विंग का? आणि गोल किती मारले त्याने? ५४ मॅचेसमध्ये गोल भरपूर असतील तर विषय संपला की.

यारातीरी

तिथेच तर सगळी गंमत आहे. विंगवाला मधल्या पट्ट्यात, बाऊंड्रीला चिकटून उभा असतो. मागून आलेला बॉल घ्यायचा, पळायचा आणि पुढच्याला द्यायचा. गोल मारणं त्याचं कामच नाही. त्या काळात हिशोब ठेवायचे तो मॅचेस आणि गोलचा, बाकी किती वेळा बॉल मिळवला, किती पास नीट दिले, हे कोण मोजतंय! म्हणून त्या जमान्यातले जे फुल फॉरवर्ड, म्हणजे गोलसमोर उभे राहणारे, ते आजही रेकॉर्डमध्ये ठसठशीत दिसतात. कॉलिंगवुडचा गॉर्डन कॉव्हेंट्री १२९९ गोल, साउथ मेलबर्नचा बॉब प्रॅट १९३४ च्या एका सीझनमध्ये १५० गोल. आणि विंगवाल्याची कागदावर रांग कोरी. कबड्डीत फक्त रेडचे पॉइंट लिहिले आणि कोपऱ्यात उभं राहून पकडी करणाऱ्याचं नाव लिहिलंच नाही तर कसं होईल, तसं.

पळण्याचा एक पुरावा मात्र आहे. त्याच १९२९ मध्ये त्याने न्याह आणि वॉरॅकनबील या दोन गावांचे 'गिफ्ट' जिंकले. गिफ्ट म्हणजे बक्षिसाच्या पैशांसाठीची धावण्याची शर्यत, गावोगाव व्हायची. त्यात हँडिकॅप असतो, जोरात पळणाऱ्याला मागून सोडतात आणि हळू पळणाऱ्याला पुढून. फुटबॉलची ट्रॉफी आणि दोन गिफ्ट, एकाच वर्षात.

तिरपागडा

थोडं टोचून बोलतो, राग मानू नका. व्हीएफए दुय्यम होती तर दुय्यम होती. रणजी खेळून कोणी कसोटीवीर होत नाही. त्याला वरच्या लीगमध्ये ५४ मॅचेस मिळाल्या, त्या धरूनच मोजायचं. उरलेलं सगळं 'असतं तर, नसतं तर'. अन्याय झाला हे मान्य, शंभर टक्के मान्य, पण अन्याय झाला म्हणून खेळ आपोआप मोठा होत नाही ना?

यारातीरी

रणजीचं उदाहरण मला पटत नाही. रणजीतून वर जायला वाट आहे, तिथे कोणी दारात उभं राहून वास घेत नाही. शिवाय नॉर्थकोट आणि फिट्झरॉय ही शेजारशेजारची उपनगरं, ट्रामच्या अंतरावर. प्रेक्षकही तेच आसपासचे कामगार लोक. दोन्ही लीगमध्ये फरक होता, नाही म्हणत नाही, पण मुंबई आणि मोफस्सल इतका नव्हता.

आणि 'असतं तर' सोडा, झालेलंच बघा. पाच वर्षं दुय्यम लीगमध्ये काढून माणूस पंचविशीत वर येतो, आणि चौथ्याच सीझनला राज्याच्या टीममध्ये जातो. व्हिक्टोरिया म्हणजे त्या वेळी या खेळाची पंढरी, तिथली राज्याची टीम ही काही दयेने मिळणारी गोष्ट नव्हे. उगाच निवडला असेल?

तिरपागडा

हा मुद्दा बरोबर. निवडीचं मी धरलंच नव्हतं. अर्धा शब्द मागे घेतो, अर्धा ठेवतो.

आजीची_गोधडी

मला खेळातलं ओ की ठो कळत नाही पण कार्लटनचं वाचून पोटात कालवलं. मग फिट्झरॉयला कसं निभावलं? तिथेही माणसं तीच, शहर तेच.

यारातीरी

@आजीची_गोधडी, तिथली गोष्ट सांगायची राहिलीच. पहिल्या दिवशी हा ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात एकटा बसला होता. कार्लटनचं ताजं नसलं तरी विसरलेलं नव्हतं. तेव्हा हेडन बंटन उठून त्याच्याजवळ आला आणि त्याला आपल्या शेजारची जागा दिली, कपडे बदलायला माझ्या बाजूला ये म्हणून.

बंटन म्हणजे कोण, तर त्या टीमचा राजा. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला ब्राउनलो मेडल मिळतं, ते त्याने १९३१, १९३२ आणि १९३५ असं तीनदा घेतलं. तो ज्याच्या शेजारी बसला त्याला बाकीचे काय बोलणार! मला यातलं आवडतं ते हे की भाषण नाही, पत्रक नाही, नुसती बाकावर सरकून जागा केली. पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं यावरून गावं पेटलेली आपण बघितलीयत, त्यामुळे याचं वजन आपल्याला वेगळं सांगायला नको.

गल्लीतला_ब्रॅडमन

आपले दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकर आठवले. पुण्यात क्रिकेट टीमचे बाकीचे आत चहा पितात आणि बाळूंना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यातून. आणि विकेट्स मात्र त्यांच्याच हव्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराच्या वर विकेट्स काढल्या होत्या त्यांनी.

खोडरबर

@गल्लीतला_ब्रॅडमन, अगदी हेच लिहायला आलो होतो. फक्त दोन्ही गोष्टी एकाच साच्यात नको घालायला. इथे जात, तिथे जमीन हिसकावून वस्तीवर कोंडलेला समाज. दुखणं एक नाही.

यारातीरी

दोघांशी सहमत. एक योगायोग मात्र आहे, बाळू सुरुवातीला मैदानाची देखभाल करायचे, आणि निकोल्सने नॉर्थकोटच्या मैदानाची निगा राखायचं काम केलं. ज्या गवतावर पळाला तेच गवत राखलं.

कोथरूडचा_कोंबडा

पगार किती असायचा? आता तर हे लोक करोडोंमध्ये खेळतात म्हणे.

यारातीरी

हसू नका, व्हीएफएलमध्ये नियमच होता, कूल्टर लॉ म्हणायचे, १९३० पासून. एका मॅचचे जास्तीत जास्त तीन पौंड. खेळाडू राजा असो की रंक. मंदीचा काळ, त्यामुळे क्लब दुसरीकडून गाजर दाखवायचे, नोकरी लावून देतो वगैरे. बंटनचंच बघा, फिट्झरॉयने त्याला नियमाबाहेर पैसे देऊ केल्याचं उघडकीला आलं आणि १९३० चा अख्खा सीझन त्याला बाहेर बसावं लागलं. निकोल्सने पैशांसाठी जिमी शारमनच्या तंबूत बॉक्सिंगही केलं. हा तंबू जत्रेजत्रेत फिरायचा, बाहेर फळीवर बॉक्सर ओळीने उभे करायचे, ढोल वाजवायचा, आणि गावातल्या कोणी गड्याने यावं आणि यांच्याशी लढावं. आपल्या जत्रेतल्या कुस्त्यांसारखंच, फक्त इथे पैलवान कंपनीचा पगारी.

पाच फूट दोन इंचाचा माणूस. विचार करा.

मधली_सुट्टी

फिट्झरॉयला असताना टीमने काही जिंकलं का? बंटनसारखा माणूस असताना.

यारातीरी

काही नाही! हेच तर नशीब. १९२२ नंतर फिट्झरॉय थेट १९४४ ला चॅम्पियन. मधली सगळी वर्षं एकेक खेळाडू हिरा आणि टीम कोळसा. १९३१ ते १९३६ या सहा वर्षांत पाच ब्राउनलो मेडल्स फिट्झरॉयवाल्यांची. बंटनची तीन, १९३३ ला स्मॉलहॉर्न, तो पण विंगवालाच, आणि १९३६ ला डिनी रायन. आणि १९३६ ला टीम लीगमध्ये शेवटची. लीगमधला सर्वोत्तम खेळाडू सगळ्यात शेवटच्या टीममध्ये.

त्याहून कडी म्हणजे निकोल्सने नॉर्थकोट सोडलं आणि नॉर्थकोट १९३२, ३३, ३४ अशी सलग तीन वर्षं चॅम्पियन. १९३६ ला पुन्हा. तो थांबला असता तर घरात मेडल्सची माळ लागली असती. पण वरच्या लीगमध्ये खेळून दाखवायचं होतं ना, ती खुमखुमी वेगळीच. माझ्या मते त्याच्या सगळ्या करिअरमधला हा एकच निर्णय असा आहे की त्यावरून माणूस कळतो. जिथे मान होता, जिंकायची खात्री होती, ते सोडून पुन्हा अशा ड्रेसिंग रूममध्ये जायचं जिथे कोण कसं वागेल माहीत नाही.

तिरपागडा

आता उरलेला अर्धा पण मागे घेतो.

विदा_वेडा

अवांतर आहे पण व्हीएफएने १९३८ ला नियम बदलला होता ना? बॉल हाताने फेकायला परवानगी दिली होती, असं कुठेतरी वाचलंय.

यारातीरी

अवांतर नाही, अगदी धाग्यातलंच आहे. गर्दी आपल्याकडे ओढायला व्हीएफएने १९३८ ला फेकून पास द्यायला मुभा दिली, खेळ एकदम वेगवान झाला, आणि तो नियम १९४९ पर्यंत टिकला. म्हणजे निकोल्स दुखऱ्या गुडघ्याने परत आला तो नेमका त्याच वर्षी. जन्मभर मुठीने ठोसलेला बॉल शेवटची दोन वर्षं फेकायचा. तिशी ओलांडलेल्या माणसाला नवीन खेळच शिकण्यासारखं.

आजीची_गोधडी

पुढे काय झालं त्यांचं? बूट काढल्यावर? आता 'त्यांचं' म्हणते हो मी.

यारातीरी

आता म्हणा, चालेल :)

खरं तर बूट काढायच्या आधीच सुरू झालं होतं. नात्यातले ज्येष्ठ विल्यम कूपर अॅबोरिजिनल हक्कांसाठी संघटना चालवत होते, त्यांनी याला ओढलं. २६ जानेवारी १९३८, गोऱ्यांच्या वसाहतीला १५० वर्षं झाली म्हणून सिडनीत जल्लोष, आणि त्याच दिवशी तिथेच अॅबोरिजिनल लोकांनी शोकदिवस पाळला. त्या सभेत निकोल्स बोलले. म्हणजे बघा, त्याच सीझनला नॉर्थकोटकडून परत खेळायला उतरलेत. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कमरागुंजाची माणसं तिथल्या हालांना कंटाळून सामान घेऊन नदी ओलांडून व्हिक्टोरियात निघून आली, जवळजवळ दोनशे माणसं. स्वतःचं गाव हो. तोच निकोल्सचा खेळाडू म्हणून शेवटचा सीझन.

नंतर पास्टर झाले, फिट्झरॉयमध्येच लोकांची कामं करत राहिले. अॅबोरिजिनल लोकांना जनगणनेत धरायचं की नाही यावर १९६७ ला सार्वमत झालं, तिथपर्यंतच्या चळवळीत होते. १९७२ ला सर, हा किताब मिळालेले पहिले अॅबोरिजिनल. डिसेंबर १९७६ ला साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले, पण तब्येतीने साथ दिली नाही, पाचच महिन्यांत, एप्रिल १९७७ ला सोडावं लागलं. १९८८ ला गेले. सरकारी इतमामाने निरोप, आणि दफन कमरागुंजालाच.

हे सगळं इथे शाळेत शिकवतात. त्यामुळेच झालंय असं की मुलांना ते गव्हर्नर होते हे पाठ, खेळायचे कसे ते कोणालाच नाही माहीत. राउंडला नाव त्यांचं (२०१६ पासून), आणि मॅच बघणाऱ्या दहांमधल्या नऊ जणांना ते विंगवर खेळायचे हेसुद्धा सांगता येणार नाही. म्हणून मुद्दाम धागा खेळावर ठेवलाय.

कोथरूडचा_कोंबडा

भारताशी काही कनेक्शन? शोधलं की काहीतरी निघतंच म्हणतात.

यारातीरी

तुम्ही थट्टेत विचारलंत पण आहे! कमरागुंजाच्या शाळेत त्यांना शिकवणारे मास्तर थॉमस शॅड्रॅक जेम्स. जन्म मॉरिशसचा, घराणं भारतीय वंशाचं, वडील दुभाषी. मास्तरांनी कूपरच्या घरातली मुलगी केली आणि त्याच समाजाचे झाले. १९२२ पर्यंत शाळा चालवली. चळवळीतली पहिली पिढी बरीचशी याच मास्तरांच्या हाताखालून गेलेली, अर्ज कसा लिहायचा, सरकारला पत्र कसं धाडायचं हे त्यांनी शिकवलं. कूपर स्वतः त्यांचे विद्यार्थी.

विदा_वेडा

मॉरिशस म्हणजे मराठी असतील की! तिकडे आपली माणसं कितीतरी आहेत.

यारातीरी

नाही हो, ओढूनताणून मराठी करू नका. वडिलांचं नाव जेम्स पीरसाहेब. सांगणारे तमिळ म्हणतात.

खोडरबर

पीरसाहेब नाव वाचूनच एक वेगळा धागा निघेल. काढा.

मधली_सुट्टी

+१. आणि पोराचं काय झालं? त्याला काय सांगितलंत शेवटी?

यारातीरी

स्टॅट्सच सांगितले. वीस ते पंचवीस नॉर्थकोट, एक ट्रॉफी, दोन फायनल, दोन गिफ्ट, मग ५४, मग व्हिक्टोरिया. कागदावर ओळीने लिहून दिलं. त्याने बघितलं आणि विचारलं, कार्लटनच्या त्या ट्रेनरचं नाव काय? मी म्हटलं ते कशाला हवंय तुला. तर म्हणे, त्याचे स्टॅट्स बघायचेत.

शनिवारी त्याची मॅच आहे, विंगवर उभा राहतो म्हणालाय. कोच म्हणतो याला बॅक पॉकेटला, म्हणजे मागे बचावाला ठेवा. बघू.